'भटक्या ज्यू'ची गोष्ट बायबलमधली नाहीये

'येशू क्रूस घेऊन चालला होता तेव्हा एका ज्यू माणसाने त्याला दारात टेकू दिलं नाही, म्हणून त्याला जगबुडीपर्यंत भटकायचा शाप मिळाला, बायबलमध्ये आहे हे', असं खूप वर्षं फिरतंय. कादंबऱ्यांत हे पात्र इतक्यांदा आलंय की कुणालाही ते खरं वाटेल, त्यात चूक काहीच नाही.

पण मराठी बायबल उघडा. क्रूसाचा प्रसंग मत्तय 27, मार्क 15, लूक 23 आणि योहान 19 मध्ये आहे, अर्ध्या तासात चारही वाचून होतात. हा माणूस कुठेच भेटत नाही.

मग आला कुठून? 13व्या शतकातल्या इंग्लंडमधल्या मठाच्या बखरीत तो पिलाताचा, म्हणजे येशूला क्रूसाची शिक्षा देणाऱ्या रोमन सुभेदाराचा, द्वारपाल आहे. मग 1602 मध्ये जर्मन भाषेत एक छोटी पुस्तिका छापली गेली, तिच्यात तो यरुशलेमचा ज्यू चांभार झाला आणि नाव मिळालं अहश्वेरोश. आता हे नाव बघा ना, बायबलच्या एस्तेर पुस्तकात अहश्वेरोश हा पर्शियाचा राजा आहे, ज्यू नाहीच! एस्तेरची ही गोष्ट ज्यू लोक दरवर्षी पुरीमच्या सणाला वाचतात, आपल्या कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, त्या सणाला होळीचा सण म्हणायचे. स्वतःच्या माणसाला ते हे नाव देतील असं मला तरी वाटत नाही, भटक्या ज्यूची गोष्ट ख्रिस्ती युरोपने ज्यूंबद्दल रचलेली आहे, ज्यूंची स्वतःची नव्हे.

नर्सरीत जांभळ्या पट्ट्यांच्या पानांचं 'वांडरिंग ज्यू' मिळतं ना, त्याचं नावही याच दंतकथेवरून पडलंय.