व्हॉल्व्ह ट्रान्सीव्हरचे ट्यूनिंग

व्हॉल्व्ह ट्रान्सीव्हरचे ट्यूनिंग : हॅम (म्हणजे हौशी) रेडिओच्या जुन्या ट्रान्सीव्हर संचांत, म्हणजे प्रेषक आणि ग्राही एकत्र असलेल्या संचांत, प्रक्षेपणाचा शेवटचा टप्पा निर्वात नलिकांचा, म्हणजे बोलीभाषेत व्हॉल्व्हचा, असे. हा टप्पा निवडलेल्या बँडशी (फ्रीक्वेन्सींच्या पट्ट्याशी) आणि जोडलेल्या अँटेनाशी हाताने जुळवून घ्यावा लागतो. त्या क्रियेला ट्यूनिंग किंवा ट्यून-अप म्हणतात. आजच्या संचात बँडचे बटण दाबून लगेच बोलता येते. व्हॉल्व्हच्या संचात बँड बदलला की प्लेट, लोड आणि ड्राइव्ह ही तीन बटणे पुन्हा फिरवावी लागतात. ८० मीटरसारख्या बँडवर तर त्याच बँडमध्ये शंभरेक किलोहर्ट्‌झ सरकले तरी हात लावावा लागतो. सरावलेल्या माणसाचे हे काम काही सेकंदांत होते. नवख्याच्या हातून तेवढ्याच सेकंदांत नलिकांची जोडी जाऊ शकते.

प्रेषक आणि ग्राही एकाच पेटीत बसवून दोघांना एकच ऑसिलेटर देण्याची कल्पना एसएसबी (सिंगल साइडबँड, म्हणजे वाहक लहर आणि एक बाजूपट्टा गाळून बोलणे पाठवण्याच्या) पद्धतीबरोबर रुजली. अमेरिकेतील कॉलिन्स कंपनीचा केडब्ल्यूएम-१ हा संच १९५७ मध्ये आणि केडब्ल्यूएम-२ हा १९५९ मध्ये आला. पुढे ड्रेक, स्वान आणि हीथकिट यांचे संच आले. हीथकिटचे संच सुट्या भागांत मिळत आणि घेणाऱ्याने ते घरी जोडायचे असत. १९७० च्या सुमारास जपानी कंपन्यांनी मिश्र जातीचे संच आणले. बाकी सगळे ट्रान्झिस्टरचे, पण शेवटचा टप्पा (फायनल) आणि त्याला संकेत पुरवणारा आधीचा टप्पा (ड्रायव्हर) मात्र व्हॉल्व्हचे. याएसूची एफटी-१०१ मालिका आणि केनवूडचा टीएस-५२० हे त्यांतले सर्वांत गाजलेले. आज जुना व्हॉल्व्ह संच हाती आलाच, तर तो बहुधा या दोहोंपैकी एक असतो. म्हणून येथील विवेचन मुख्यतः त्यांच्या आधारे केले आहे. केनवूडने १९८० मध्ये आणलेल्या टीएस-८३०एस मध्येही फायनल ६१४६बी नलिकांचेच होते. त्या वेळी पूर्ण ट्रान्झिस्टरचे संच बाजारात आलेले होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

टीएस-५२० मध्ये फायनलला समांतर जोडलेल्या दोन एस-२००१ नलिका असतात आणि त्या ६१४६ च्या कुळातल्या आहेत. त्यांच्या प्लेटला (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या धन पट्टीला) सुमारे ८०० व्होल्ट दाब मिळतो आणि पूर्ण शक्तीवर दोघींतून मिळून साधारण २०० मिलिअँपियर प्रवाह वाहतो. अशा टप्प्याला प्लेटपाशी सुमारे अडीच हजार ओहम भार लागतो. अँटेनाची केबल मात्र ५० ओहमची. पन्नास पटींचे हे अंतर पाय नेटवर्क भरून काढते. त्यात प्लेटच्या बाजूला एक बदलता कॅपॅसिटर, मध्ये कॉइल आणि अँटेनाच्या बाजूला दुसरा बदलता कॅपॅसिटर असतो. पहिल्याच्या दांड्यावर प्लेटचे बटण, दुसऱ्याच्या दांड्यावर लोडचे. ७ मेगाहर्ट्‌झवर पहिला सुमारे १०० पिकोफॅरडवर आणि दुसरा ६०० च्या आसपास येतो. २८ मेगाहर्ट्‌झवर पहिल्याला पंचवीस-तीसच उरतात. त्यांतलेही बरेचसे नलिका आणि वायरिंग यांच्या अंगच्या धारकतेतच खर्ची पडतात. त्यामुळे १० मीटरवर प्लेटचे बटण केसभर हलवले तरी सारे बदलते.

ही दोन बटणे स्वतंत्र नाहीत, आणि ट्यूनिंगची सगळी अडचण याच एका गोष्टीत आहे. लोड हलवले की अनुनाद (नेटवर्क निवडलेल्या फ्रीक्वेन्सीला जुळण्याची स्थिती) सरकतो, तो परत जागेवर आणायला प्लेट हलवावे लागते, आणि प्लेट हलले की लोडचा नेमका बिंदू थोडा बदलतो. म्हणून दोन्ही बटणे आळीपाळीने, थोडी थोडी फिरवायची असतात.

डिप आणि उष्णता : पाय नेटवर्क अनुनादात आले की प्लेटला दिसणारा भार सर्वांत जास्त होतो. प्लेटवरील रेडिओ-दाब मोठा झोका घेतो, प्रवाहाच्या क्षणी प्लेटचे व्होल्टेज खाली असते आणि मीटरवरचा प्लेट प्रवाह एकदम खाली येतो. हाच डिप. अनुनाद नसेल, तर प्रवाह तेवढाच किंवा जास्तच वाहतो, पण अँटेनाकडे काही जात नाही. गणित सोपे आहे. पूर्ण शक्तीवर आत जाणारे १६० वॉट धरले, तर जुळलेल्या स्थितीत साधारण १०० वॉट बाहेर पडतात आणि उरलेले ६० दोन प्लेटांत वाटले जातात. प्रत्येकीच्या वाट्याला ३०. ६१४६बी ची मर्यादा ३५ वॉट आहे, म्हणजे काम काठावरच चाललेले असते. अनुनाद चुकला तर जवळजवळ १६० च्या १६० वॉट त्याच दोन प्लेटांवर कोसळतात. प्लेट लालबुंद होते, तिच्यातून वायू सुटतो आणि नलिका कायमची बिघडते. दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ सलग कॅरियर (बोलण्याविना सतत जाणारी लहर) धरू नये, असे उत्पादकांच्या पुस्तिका सांगतात ते यासाठीच. दहा सेकंद धरून तेवढीच विश्रांती, हा जुना शिरस्ता अजूनही योग्य आहे.

आधीची तपासणी : पन्नास वर्षांचा संच थेट भिंतीतल्या प्लगला लावणे हा उतावीळपणा आहे. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर वर्षानुवर्षे पडून राहिले की त्यांचा ऑक्साइडचा थर पातळ होतो. व्हेरिअ‍ॅकने (दाब कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) दाब कित्येक तासांत हळूहळू चढवला तर काही कॅपॅसिटर सावरतात, पण उच्चदाबाचे सरळ बदलून टाकणे शहाणपणाचे. त्याहून घातकी असतो तो ड्रायव्हरच्या प्लेटपासून फायनलच्या ग्रिडकडे (नलिकेतील प्रवाह नियंत्रित करणाऱ्या जाळीकडे) जाणारा छोटा कपलिंग कॅपॅसिटर. तो किंचित जरी गळू लागला, तरी ड्रायव्हरचा धन दाब फायनलच्या ग्रिडवर येतो, ऋण बायस (ग्रिडला कायम दिलेला ऋण दाब) नाहीसा होतो आणि प्लेट प्रवाह आपोआप चढत जातो. एफटी-१०१ चे कित्येक फायनल याच क्षुल्लक भागापायी गेले आहेत. संच चालू करण्याआधी तो बदलावा. जुना चांगला आहे की वाईट, हे मोजत बसू नये.

भारतात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. या जपानी संचांच्या ट्रान्सफॉर्मरला निरनिराळ्या देशांच्या वीजदाबांसाठी टॅप (जोडणीची ठिकाणे) असतात. एफटी-१०१ मध्ये ते १०० पासून २३४ व्होल्टपर्यंत आहेत. संच २२० च्या टॅपवर जोडलेला आणि घरची वीज २४५ व्होल्ट, असे असेल तर ६.३ व्होल्टच्या हीटरला सात व्होल्ट मिळतात आणि ८०० चा दाब ८९० होतो. हीटरला १० टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. येथे तो ओलांडला जातो. परदेशातून आलेल्या संचाचा टॅप कुठे आहे हे झाकण उघडून डोळ्यांनी पाहावे, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नये.

बँड स्विचचे आणि रिलेचे संपर्क काळवंडलेले असतात. रिलेसाठी कागदाची पट्टी पुरे होते, सँडपेपर नको. एफटी-१०१ ची कार्डे सॉकेटमध्ये खोचलेली असतात. ती काढून, पुसून परत बसवली की निम्मे ‘गूढ’ दोष पळून जातात. पंखा फिरतो का, तेही पाहावे. कॉइलच्या कोरना (आतल्या फिरवता येणाऱ्या गाभ्यांना) मात्र या टप्प्यावर हात लावू नये. पूर्वीच्या एखाद्या मालकाने स्क्रू-ड्रायव्हर घेऊन सगळे कोर फिरवून ठेवलेला संच दुरुस्त करणे हे निकामी नलिका बदलण्यापेक्षा कितीतरी किचकट काम आहे.

बायस : नलिका तापायला दोन-चार मिनिटे द्यावीत. मग मोड एसएसबीवर, माइक गेन आणि कॅरियर शून्यावर ठेवून प्रक्षेपण चालू करावे आणि मीटर आयपी (प्लेट प्रवाह) या स्थानी वाचावा. टीएस-५२० मध्ये हा निष्क्रिय प्रवाह ६० मिलिअँपियर हवा. कमी असेल तर आवाज फाटतो, जास्त असेल तर नलिका विनाकारण तापतात. मीटर दोन्ही नलिकांची बेरीज दाखवतो, ही त्याची मर्यादा. एक नलिका ४५ आणि दुसरी १५ घेत असेल तरी काटा समाधानाने साठावरच उभा राहतो. म्हणून जुळवलेली जोडी घ्यावी, आणि अंधारात एकीची प्लेट दुसरीपेक्षा लाल दिसते का, यावर नजर ठेवावी.

प्रत्यक्ष ट्यूनिंग : अँटेनाऐवजी ५० ओहमचा डमी लोड (शक्ती उष्णतेत जिरवणारा रोधक) जोडून सुरुवात करतात. हीथकिटचा तेलाच्या डब्यातला ‘कॅन्टेना’ यासाठी प्रसिद्ध होता. विजेचा दिवाही वापरला जातो, पण तापला की त्याचा रोध कित्येक पटींनी वाढतो, म्हणून त्यावर फक्त शक्ती निघते की नाही एवढेच कळते. ५० ओहमला जुळणी झाली असे त्यावरून म्हणता येत नाही.

पुस्तिकेत बँडनुसार दिलेल्या आकड्यांवर तिन्ही बटणे ठेवावीत. ड्राइव्हचे बटण, जे एफटी-१०१ वर प्रीसिलेक्टर या नावाने आहे, ग्रहणाच्या वेळी गोंगाट किंवा कॅलिब्रेटरचा (संचातल्या खुणेच्या ऑसिलेटरचा) सूर सर्वांत मोठा ऐकू येईल तिथे आणावे. ग्राही आणि ड्रायव्हर यांच्या कॉइल एकत्रच ट्यून होत असल्याने निम्मे काम प्रक्षेपण न करताच उरकते. मग मोड ट्यूनवर घेऊन अगदी थोडे कॅरियर द्यावे, इतके की काटा निष्क्रिय प्रवाहापेक्षा जेमतेम वर सरकेल. ड्राइव्ह पुन्हा पीक करावे, म्हणजे काटा सर्वांत वर जाईल तिथे आणावे. आता प्लेटचे बटण हळू फिरवून डिप शोधावा. सापडताच हात थांबवावा आणि कॅरियर सोडावे.

यानंतर लोडची पाळी. ते कमीत कमी जोडणीपासून वाढवत न्यावे. प्रत्येक पायरीला डिप पुन्हा शोधावा. लोड वाढते तसा डिपच्या तळाचा प्रवाह वाढतो आणि खड्डा उथळ होत जातो. मीटर आरएफ (बाहेर जाणारी शक्ती) या स्थानी घेऊन प्लेट आणि लोड आळीपाळीने सर्वाधिक शक्तीसाठी फिरवावेत, मग कॅरियर पूर्ण करून तेच एकदा झटपट करावे. शेवटी एएलसीचा (शक्ती मर्यादेत ठेवणाऱ्या स्वयंचलित नियंत्रणाचा) काटा पाहावा. बोलताना तो ठरवून दिलेल्या पट्ट्यात राहिला पाहिजे.

डिप जितका खोल तितके ट्यूनिंग चांगले, असा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. खोल डिप म्हणजे हलके लोड. त्या स्थितीत प्लेटचा दाब इतका खाली उतरतो की स्क्रीन ग्रिड (प्लेट आणि ग्रिड यांच्यामधली धन दाबाची दुसरी जाळी) इलेक्ट्रॉन ओढू लागते आणि तापते. शिवाय बोलण्याची शिखरे सपाट होऊन शेजारच्या फ्रीक्वेन्सीवर चिरचिर पसरते. एसएसबीसाठी लोड कमाल शक्तीच्या बिंदूपेक्षा किंचित जास्त ठेवलेले बरे. चार-पाच वॉट जातात, आवाज स्वच्छ राहतो. पलीकडच्या माणसाला ते चार-पाच वॉट ऐकूही येत नाहीत.

डमी लोडवर जुळवल्यावर अँटेना जोडून फक्त हलकी दुरुस्ती करायची असते. एसएसबीत ४० मीटरवर सकाळची नेट (हॅम मंडळींची ठरलेल्या वेळची सामूहिक बैठक) रंगात आलेली असताना त्याच फ्रीक्वेन्सीवर शिट्टी वाजवत डिप शोधणारा हॅम कोणालाच आवडत नाही. पाय नेटवर्कची एक मोठी सोय अशी, की एसडब्ल्यूआर (अँटेनाची जुळणी किती हुकली आहे याचे माप; पूर्ण जुळणीला एक) दोनच्या आसपास असला तरी ते बहुधा जुळवून घेते. पूर्ण ट्रान्झिस्टरचा संच तेवढ्यात शक्ती कमी करून मोकळा होतो.

न्यूट्रलायझेशन : नलिकेच्या प्लेट आणि ग्रिड यांच्यामध्ये अत्यल्प, ६१४६ मध्ये पाव पिकोफॅरडइतकी, धारकता असते. २८ मेगाहर्ट्‌झवर एवढ्याशा वाटेनेही आउटपुट मागे ग्रिडवर येते आणि टप्पा स्वतःच दोलायमान होऊ शकतो. उलट कलेचा तेवढाच संकेत एका छोट्या ट्रिमरमधून देऊन तो परिणाम मारतात. ओळखण्याची खूण सोपी : प्लेट प्रवाहाचा डिप आणि आरएफचे शिखर बटणाच्या एकाच जागी आले पाहिजेत. वेगवेगळ्या जागी येत असतील, तर न्यूट्रलायझेशन बिघडले आहे. टीएस-५२० च्या पाठीमागे स्क्रीनचा दाब बंद करणारा स्विच आहे. तो बंद करून १० मीटरवर ड्राइव्ह द्यायचा आणि अँटेनाच्या टोकाशी झिरपणारी शक्ती कमीत कमी होईल तिथे ट्रिमर आणायचा, ही त्यातली सुरक्षित रीत. ट्रिमर फिरवण्याचे साधन प्लास्टिकचेच हवे, कारण त्या पिंजऱ्यात ८०० व्होल्ट असतात. बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये प्राणघातक विद्युतभार उरतो. विजेची वायर काढून, मीटरने शून्य पाहून मगच आत हात घालावा.

नलिकांचा प्रश्न : एफटी-१०१ मधील ६जेएस६सी ही मुळात दूरचित्रवाणी संचातल्या आडव्या स्कॅनसाठी बनवलेली नलिका. त्या काळी स्वस्त आणि दणकट. ६०० व्होल्टवर दोन नलिका २६० वॉटपर्यंत इनपुट झेलत, पण फक्त बोलण्याच्या शिखरांपुरते. टीव्ही ट्रान्झिस्टरचे झाले, उत्पादन थांबले आणि चांगली जोडी दुर्मीळ झाली. त्यातही एनईसीच्या मूळ नलिका काढून दुसऱ्या बनावटीच्या बसवल्या की न्यूट्रलायझेशन जुळता जुळत नाही. ६१४६ ही मात्र प्रेषणासाठीच घडवलेली, १९५२ पासूनची नलिका. व्यावसायिक आणि लष्करी वापरामुळे ती पुष्कळ बनली, म्हणून आजही मिळते. पहिला जुना संच घेणाऱ्याने या एका कारणासाठी केनवूडकडे वळावे. एस-२००१ च्या जागी ६१४६बी बसवता येते. बायस आणि न्यूट्रलायझेशन नव्याने करावे लागते एवढेच. ६१४६डब्ल्यू घेताना उत्पादनाचा काळ पाहावा. जुन्या डब्ल्यू ६१४६ए च्या गुणांच्या असतात, नंतरच्या ६१४६बी च्या. नुसते ऐकत बसायचे असेल, तर टीएस-५२० च्या पुढच्या पॅनेलवरचा हीटर स्विच बंद ठेवावा. ग्राही भाग ट्रान्झिस्टरचा असल्याने ऐकण्यात काही फरक पडत नाही.