कोपऱ्यात बसलेला राजा

इंदूरला रामबागेत आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात, सकाळचे पोहे-जिलेबी झाले की ओट्यावर पट मांडून बसणारे. मी लिहिलेला चेसचा प्रोग्राम पहिल्यांदा त्यांच्यासमोर ठेवला तेव्हा मारामारीत वजीर-हत्ती सगळे संपले, दोघांकडे राजा आणि चार-चार प्यादी उरली. काकांचा राजा रमतगमत पटाच्या मधे आला. माझा जी१ वर, म्हणजे खालच्या ओळीतल्या कोपऱ्याजवळच्या घरात, गप्प. प्रोग्राम नुसती प्यादी ढकलतोय, राजा काही हलेना. "अरे, तुझा राजा झोपला का रे?" म्हणत काकांनी दोन प्यादी खाल्ली आणि आपल्या एकाचा वजीर करून टाकला.

चाली शोधण्यात चूक नव्हती, मोजणीत होती.

झालंय असं की प्रोग्राम डाव शेवटपर्यंत बघू शकत नाही. एका वेळी ३० चाली शक्य आहेत असं धरलं तर दोन आपल्या, दोन समोरच्याच्या एवढ्यातच आठ लाखांवर पट तयार होतात, म्हणून कुठेतरी थांबून समोरच्या पटाला एक आकडा द्यायचा, कोण किती पुढे आहे त्याचा. ह्यालाच इव्हॅल्युएशन म्हणतात. गंमत म्हणजे प्रत्येक गोष्टीचा भाव प्याद्यातच लावायचा. गणितज्ञ क्लॉड शॅननने चेसच्या प्रोग्रामवरच्या १९५० च्या लेखात वजीर ९, हत्ती ५, उंट आणि घोडा ३-३, प्यादं १ असं धरलं, एकाच रांगेत एकामागे एक अडकलेल्या किंवा एकट्या पडलेल्या प्याद्याला अर्ध्या प्याद्याचा दंड, आणि करता येणाऱ्या प्रत्येक चालीचे ०.१. आजही हौशी माणूस इथूनच सुरू करतो, फक्त अपूर्णांकाची कटकट नको म्हणून प्यादं १०० धरतो.

मी प्रत्येक मोहऱ्याला ६४ घरांचा तक्ता दिला होता. राजाच्या तक्त्यात कोपऱ्याजवळ अधिक ३०, मधे उणे ४०, कारण वजीर फिरत असताना मधे उभा राजा म्हणजे मरणच. पण वजीर गेल्यावरही तक्ता तोच! जी१ वरून पटाच्या मधल्या ई४ ला यायला तीन चाली लागतात आणि प्रत्येक चालीला आकडा घसरतो, प्यादं जाणार हे चार चालींच्या नजरेत येईपर्यंत उशीर झालेला असतो, मग बिचारा कशाला निघेल.

उपाय जुनाच आहे, दोन तक्ते ठेवायचे: पहिला हाच, दुसरा डावाच्या शेवटासाठी, ज्यात राजाला मधे जास्त आकडा. पटावर काय उरलंय ते मोजायचं: घोडा-उंट १, हत्ती २, वजीर ४, सुरुवातीला दोन्ही बाजूंचे मिळून २४. २४ असतील तर पहिला तक्ता, शून्य असेल तर दुसरा, मधे असेल तर त्या प्रमाणात दोघांची भेळ. हे 'प्रमाणात' महत्त्वाचं आहे बरं का, मी आधी सरळ "वजीर गेला की बदल" लिहिलं होतं तर प्रोग्राम आकडा वाढतो म्हणून उगाच वजिरांची अदलाबदल करायला लागला.

दुसरी खोच, आकडा कधी विचारायचा. वजिराने प्यादं मारलं आणि तिथेच मोजलं तर एक प्यादं फायदा, पुढच्याच चालीत वजीर जातो ते दिसतच नाही. म्हणून मारामारी शांत होईपर्यंत पुढे बघत राहायचं, मगच मोजायचं.

मोठे प्रोग्राम आता हे तक्ते हाताने भरत नाहीत. यू नासू यांनी २०१८ मध्ये शोगी ह्या जपानी खेळासाठी छोटं न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून आपले आकडे आपणच शिकणारा प्रोग्राम) बनवलं, एका चालीने पट जेवढा बदलतो तेवढाच हिशोब नव्याने करणारं, त्यामुळे साध्या प्रोसेसरवरही झपाझप चालतं. २०२० मध्ये ते स्टॉकफिश ह्या नावाजलेल्या चेस प्रोग्राममध्ये आलं, आणि पुढे हाताने लिहिलेली मोजणी तिथून काढूनच टाकली. मला मात्र अजून तक्तेच आवडतात, चुकलं तर कुठे चुकलं ते बोट ठेवून दाखवता येतं.

तक्ते सुधारल्यावर परत काकांकडे गेलो. राजा छान चालत मधे आला, शेवटी माझ्याकडे पांढऱ्या घरांचा उंट आणि एच पट्टीतलं, म्हणजे पटाच्या कडेच्या उभ्या पट्टीतलं, एक प्यादं, काकांकडे नुसता राजा. स्क्रीनवर चारशेच्या वर आकडा, मी खूश. काका आपला राजा एच८ ला नेऊन बसले आणि चहा मागवला. माझ्या प्याद्याचा वजीर व्हायचा तो ह्याच घरात, पण एच८ काळं घर, माझ्या उंटाला ते आयुष्यात गाठता येणार नाही, म्हणजे डाव बरोबरीत. प्रोग्राम चारशे-चारशे म्हणत उंट फिरवत राहिला, काकांचा राजा कोपऱ्यातल्या कोपऱ्यात एच८-जी८, जी८-एच८.