शंभर माणसांमागे आयटीचे किती?

‘इतक्या कर्मचाऱ्यांमागे आयटीचा एक माणूस पुरतो’ हे प्रमाण वर्षानुवर्षे बैठकांमध्ये फिरतंय, आणि त्यावर लोकांच्या नोकऱ्या ठरतात. सगळ्यांना लागू पडेल असं प्रमाण मुळात नाहीच.

गफलत मोजणीत होते. काम बाहेर दिलं की माणसं पगारपत्रकावरून उतरतात आणि खर्च कंत्राटाच्या बिलात जातो. कागदावर विभाग सडपातळ दिसतो, काम मात्र तेवढंच असतं. शिवाय बँकेत जवळपास प्रत्येक जण संगणकावर बसतो, कारखान्यात तसं नसतं.

अमेरिकेतल्या जनरल मोटर्सचं उदाहरण घ्या. कंपनीने १९८४ मध्ये ईडीएस ही आयटी कंपनी विकत घेतली आणि १९९६ मध्ये वेगळी केली. तरी बरंचसं काम तिच्याकडेच राहिलं. २०१२ मध्ये रँडी मॉट यांनी आयटीची सूत्रं हाती घेतली तेव्हा सुमारे ९० टक्के काम बाहेरच्यांकडे होतं. तीन वर्षांत ९० टक्के घरात आणायचं, असं त्यांनी ठरवलं आणि हजारोंची भरती सुरू झाली. नुसतं प्रमाण पाहणाऱ्याला हा विभाग एकाएकी फुगलेला वाटला असता. प्रत्यक्षात पूर्वी न मोजली जाणारी माणसं आता मोजली जात होती.

तुलना करायचीच असेल तर कंत्राटी माणसं धरून करा, आणि कंत्राटावर देखरेख ठेवणारे आपले लोकही धरा. प्रमाण गाठण्यासाठी त्यांनाच कमी करणं मला सर्वांत घातक वाटतं, कारण मग बिल तपासायला जाणकार कोणी उरत नाही.