‘तुम्ही निकषात बसत नाही’

फुप्फुसाचा कर्करोग शरीरात पसरलेला आहे. आधीच्या औषधाचा जोर ओसरला आहे. डॉक्टरांनी नव्या औषधाच्या चाचणीचा विषय काढला, घरच्यांनी सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावले, रक्त दिलं, स्कॅन झाला. आणि मग कळतं, ‘तुम्ही निकषात बसत नाही.’ ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्या नावावरच फुली मारली गेली.

चाचणीत कोण जाऊ शकतं हे ठरवणारी यादी पानंच्या पानं भरते. तिच्यातल्या काही अटींमागे फार खोल विज्ञान आहे. काही मात्र एका चाचणीच्या कागदातून दुसऱ्या चाचणीच्या कागदात नुसत्या उतरत आल्या आहेत. पेशंटला दोन्ही सारख्याच वाटतात, म्हणून हा फरक सांगायला हवा.

आधी विज्ञानाची बाजू. गेफिटिनिब या गोळीची एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. केमोथेरपीनंतरही आजार वाढलेले १६९२ पेशंट तिच्यात होते. काहींना गेफिटिनिब दिली, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तेव्हा आयुष्य वाढल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. तरीही मोजक्या पेशंटांच्या गाठी या गोळीने झरझर आटत होत्या, हे डॉक्टर डोळ्यांनी पाहत होते. त्याचं कारण २००४ मध्येच सापडलं होतं. अशा बहुतेक पेशंटांच्या गाठीत ईजीएफआर या जनुकात विशिष्ट बदल झालेला असतो आणि गोळी नेमकी त्यावरच काम करते.

पुढे पूर्व आशियात १२१७ पेशंटांवर आणखी एक चाचणी झाली. तिच्यात कधीच धूम्रपान न केलेले किंवा थोडं करून सोडलेले लोक घेतले होते, कारण हा बदल त्यांच्यात जास्त आढळतो. २००९ साली निष्कर्ष आले. ज्यांच्या गाठीत बदल होता, त्यांचा आजार बळावण्याचा धोका गेफिटिनिबमुळे केमोच्या तुलनेत निम्म्यावर आला. ज्यांच्यात बदल नव्हता, त्यांचा धोका त्याच गोळीने केमोच्या जवळजवळ तिप्पट झाला. आजाराचं नाव एकच, गोळीही एकच. एकाला तारणारी गोळी दुसऱ्याचा हातचा वेळ घालवत होती.

मला हे आकडे फार महत्त्वाचे वाटतात. गाठीत अमुक बदल असल्याशिवाय प्रवेश नाही, ही अट निष्ठुर वाटते खरी, पण बदल नसलेल्या माणसाचं रक्षणही तीच करते.

म्हणून आज चाचणीचा पहिला प्रश्न गाठीच्या तुकड्याला विचारला जातो. फुप्फुसाच्या कर्करोगांपैकी सुमारे ८५ टक्के ‘नॉन-स्मॉल सेल’ प्रकारचे असतात, बाकीचे बहुतेक ‘स्मॉल सेल’, आणि दोघांच्या चाचण्या वेगळ्या. त्यानंतर ईजीएफआर, एएलके, केआरएएस असे जनुकीय बदल पाहतात. इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कामाला लावणाऱ्या उपचाराच्या, चाचणीत गाठीच्या पेशींवरचं पीडी-एल१ हे प्रथिनही मोजतात. पेम्ब्रोलिझुमॅब या अशाच औषधाच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत निदान निम्म्या पेशींवर हे प्रथिन असणं गरजेचं होतं. त्यासाठी १९३४ जणांची तपासणी झाली आणि शेवटी ३०५ जण आत गेले. औषध केमोपेक्षा सरस ठरलं. त्याच जातकुळीतल्या निवोलुमॅबच्या चाचणीत मुख्य हिशेबासाठी ही रेघ बरीच खाली, ५ टक्क्यांवर ओढली होती. तिथे औषधाला केमोवर मात करता आली नाही. औषधं वेगळी होती, चाचण्याही, त्यामुळे सगळं श्रेय त्या एका रेघेला देता येणार नाही. पण रेघ कुठे ओढायची हा प्रश्न किती नाजूक आहे, ते यातून दिसतं.

दुसरा मोठा निकष म्हणजे पेशंट दिवसभर कसा वावरतो. त्यासाठी ‘ईकॉग’ नावाची मोजपट्टी वापरतात. शून्य म्हणजे आजाराआधीसारखंच सगळं करणारा. एक म्हणजे जड काम जमत नाही, पण हलकं काम करतो. दोन म्हणजे स्वतःचं स्वतः आवरतो, जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ उठून-फिरून असतो, पण काम होत नाही. तीन म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ अंथरुणात किंवा खुर्चीत. चार म्हणजे पूर्ण परावलंबी. बहुतेक चाचण्या शून्य आणि एकवरच थांबतात.

रक्ताच्या अटींमागची कारणं बरीचशी सरळ आहेत. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध मूत्रपिंडाला त्रास देतं, म्हणून मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन बघायचं. केमोने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घटतात, म्हणून सुरुवातीलाच त्या पुरेशा हव्यात. इम्युनोथेरपी प्रतिकारशक्तीचा लगाम सैल सोडते. ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या अवयवांवर उलटली आहे, किंवा जे मोठ्या डोसमध्ये स्टेरॉइड घेतात, त्यांना म्हणूनच सहसा थांबवतात.

आता सवयीच्या अटींकडे येऊ. ‘गेल्या पाच वर्षांत दुसरा कोणताही कर्करोग झालेला नसावा’ ही अट किंवा तिची भावंडं वर्षानुवर्षं चालत आली आहेत. जुना कर्करोग उलटला तर निष्कर्षात गोंधळ होईल, हा तिच्यामागचा विचार. अमेरिकेतल्या चौथ्या टप्प्याच्या, म्हणजे शरीरात पसरलेल्या, फुप्फुस-कर्करोगाच्या एक लाखाहून जास्त ज्येष्ठ पेशंटांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जवळपास १५ टक्क्यांना आधी कर्करोग होऊन गेला होता. त्यामुळे त्यांचं आयुष्य इतरांपेक्षा कमी झालेलं दिसलं नाही. म्हणजे दर सात जणांतल्या एकाला ही अट दाराबाहेर ठेवू शकते, आणि ज्या भीतीपोटी ठेवते ती भीती या नोंदींत तरी खरी ठरली नाही.

२०२१ साली ‘नेचर’मध्ये आलेलं एक संशोधन याहून पुढे गेलं. संशोधकांनी पसरलेल्या नॉन-स्मॉल सेल कर्करोगाच्या ६१,०९४ पेशंटांच्या रुग्णालयीन नोंदी घेतल्या आणि पूर्ण झालेल्या चाचण्या संगणकावर पुन्हा ‘चालवून’ पाहिल्या. अटी एकेक करून काढल्या, घातल्या, प्रत्येक वेळी निष्कर्ष किती हलतो ते पाहिलं. रक्ततपासणीच्या कित्येक अटींनी निष्कर्षात जवळपास काहीच फरक पडत नव्हता. या नोंदींच्या आधारे अटी सैल केल्या तर पात्र पेशंटांची संख्या सरासरी दुपटीहून जास्त होत होती, आणि औषधाचा फायदा कमी झाल्याचं दिसलं नाही. हे जुन्या नोंदींवरचं गणित आहे, प्रत्यक्ष चाचणी नव्हे. तरीही हे वाचून माझ्या डोळ्यांपुढे, थोडक्या आकड्यासाठी परत गेलेले लोक आले.

दारं थोडी थोडी उघडत आहेत. मेंदूत गाठी पसरलेल्यांना पूर्वी सरसकट नकार मिळायचा. आता त्या गाठींवर उपचार होऊन त्या स्थिर असतील, तर अनेक चाचण्या प्रवेश देतात. २०२३ मध्ये तर केमोचं नेहमीचं, सिस्प्लॅटिनसारख्या प्लॅटिनमयुक्त औषधाचं मिश्रण झेपणार नाही अशाच लोकांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष आले. बरेचसे ईकॉग दोन किंवा तीनचे, उरलेले सत्तरी ओलांडलेले आणि इतर व्याधी असलेले, असे एकूण ४५३ पेशंट. अ‍ॅटेझोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध घेणाऱ्यांपैकी २४ टक्के दोन वर्षांनी हयात होते, एकच सौम्य केमो-औषध घेणाऱ्यांपैकी १२ टक्के. एरवी यांतल्या बहुतेकांना कुणी चाचणीत घेतलंच नसतं.

म्हणून नकार मिळाला तर ‘नेमकी कोणती अट आडवी आली?’ हे विचारून कागदावर लिहून घ्यावं. जनुकीय बदल नसेल तर ती चाचणी आपल्या कामाची नाही, दुसरी शोधावी. पण आधीच्या औषधानंतर पुरेसे दिवस गेले नसतील, तर ते जाऊ शकतात. हिमोग्लोबिन किंचित कमी असेल, तर वाढू शकतं आणि बऱ्याच चाचण्यांत पुन्हा तपासणीची सोय असते. बायोप्सीचा तुकडा आधीच्या तपासण्यांत संपला असेल, तर नवी बायोप्सी शक्य आहे का, किंवा रक्तात उतरलेल्या गाठीच्या डीएनएवरून भागेल का, हेही त्याच भेटीत विचारता येतं.