आधी हस्तलिखित, मग तीनशे वर्षांनी पुस्तक

गोव्यात छापखाना आला १५५६ साली, जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात. आरमारी ग्रंथ जमवू पाहणाऱ्याला वाटते, सोळाव्या शतकातले पुस्तक इथेच कुठेतरी सापडेल. पण तेव्हा जहाजांची विद्या छापायची नव्हती, लपवायची होती. खाडीत पाणी किती खोल, खडक कुठे, हे शत्रूला कळले तर बंदरच गेले.

जुआंव द कास्त्रो हा पोर्तुगीज दर्यावर्दी १५३८-३९ मध्ये गोव्याहून दीवला गेला. वाटेतल्या प्रत्येक नदीमुखाची त्याने नोंद केली, चित्रे काढली. ते हस्तलिखित पोर्तुगालच्या पोर्तू शहरात छापून निघाले १८४३ मध्ये! गुपित फोडले ते लिंशोटेन या डच माणसाने. तो १५८३ ते १५८८ गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस होता. १५९६ मध्ये त्याचे पुस्तक निघाले आणि पाठोपाठ डच गलबते पूर्वेला आली.

म्हणून इथल्या संग्राहकाने एकोणिसाव्या शतकातल्या छापील आवृत्तीला दुय्यम मानू नये. पुष्कळदा तीच पहिली आवृत्ती असते. फेर्नांदु ओलिव्हेरा या पोर्तुगीज लेखकाचा नौकाबांधणीवरचा ग्रंथ साधारण १५८० चा, पण छापला गेला १८९८ मध्ये. त्याच वर्षी लंडनला फ्रेड जेनने जगभरच्या युद्धनौकांचे वार्षिक सुरू केले. शिडाच्या नौका आणि पोलादी नौका, दोघी एकाच वर्षी छापखान्यातून बाहेर पडल्या. मला या योगायोगाचे फार अप्रूप आहे.

कास्त्रोचे पुस्तक निघाले त्याच १८४३ साली दमणला ‘दों फेर्नांदु’ ही सागवानी फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) पाण्यात उतरली. डोलकाठ्या आणि शिडे चढवायला ती गोव्यात आणली होती. पोर्तुगीज आरमाराची ही शेवटची शिडाची युद्धनौका.

पणजीचे सार्वजनिक ग्रंथालयही १८३२ मध्ये सुरू झाले ते लष्करी अकादमीच्या आधाराने. घराघरांतल्या पुस्तकांचे हाल मात्र इथल्या पावसाने केले. घडीचा नकाशा असेल तर आधी घडीच तपासावी, कागद तिथेच फाटतो. कसर लागलेल्या पानावर बोट फिरवले की बारीक भुकटी हाताला लागते. तरी घ्यावे.

माझ्याकडच्या १९३० च्या दशकातल्या एका वार्षिकात ‘आफोंसु द आल्बुकेर्क’ या पोर्तुगीज युद्धनौकेचे पान शाबूत आहे. १२० मिलिमीटरच्या चार तोफांची ती नौका गोवा मुक्तीच्या लढाईत १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय फ्रिगेटांचा मारा खाऊन बांबोळीजवळ किनाऱ्याला लागली.