डायोडच्या जागी ट्रान्झिस्टर : ओव्हरड्राइव्ह पेडलमधल्या एका बदलाची पार्श्वभूमी

गिटारचा आवाज खरखरायला लागला की एकेकाळी ॲम्प दुरुस्तीला जात असे. त्यातल्या व्हॉल्व्हला (सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या नळीला) झेपेल त्याहून मोठा सिग्नल दिला की लाटेचे शेंडे कापले जातात, म्हणजे क्लिपिंग होतं. ते टाळणं हेच ॲम्प बनवणाऱ्यांचं काम होतं. वादकांना मात्र नेमका तोच आवाज हवासा वाटू लागला. १९५८ मध्ये गिटारवादक लिंक रेने तर त्यासाठी स्पीकरच्या कागदालाच भोकं पाडली.

हाच कापलेला आवाज (ओव्हरड्राइव्ह) पायाखालच्या डबीतून देणाऱ्या पेडलची गोष्ट सुरू होते ती अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये. गायक मार्टी रॉबिन्सच्या १९६१ साली निघालेल्या एका गाण्यात ग्रेडी मार्टिनचा बेस गिटारचा तुकडा बिघडलेल्या मिक्सिंग कन्सोलमधून रेकॉर्ड झाला आणि तो घोगरा आवाज लोकांना आवडला. पुढे कन्सोलचा तो चॅनल पुरताच गेला. तेव्हा ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी याने तोच आवाज ट्रान्झिस्टर वापरून मुद्दाम तयार केला. गिब्सनने १९६२ मध्ये हे सर्किट ‘माएस्ट्रो एफझेड-१’ या नावाने बाजारात आणलं. आत तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर होते. जाहिरातीत ट्रम्पेट, ट्युबा, चेलो अशा वाद्यांचे आवाज काढून देण्याचं आश्वासन होतं, त्यामुळे गिटारवाल्यांना या डबीचं करायचं काय ते लगेच कळलं नाही. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्स बँडच्या कीथ रिचर्ड्‌सने ती वाजवली आणि मग मागणी उसळली.

या पहिल्या पिढीत क्लिपिंग करायला वेगळा भाग नव्हताच. १९६६ च्या फझ फेस या पेडलमध्ये दोनच ट्रान्झिस्टर आहेत. तेच सिग्नल वाढवतात आणि तेच तो कापतात: एका बाजूला ट्रान्झिस्टर पूर्ण उघडतो, दुसऱ्या बाजूला पूर्ण बंद होतो. आवाज सगळा बायसवर (ट्रान्झिस्टरला दिलेल्या स्थिर व्होल्टेजवर) अवलंबून, आणि जर्मेनियमचा बायस तापमानाबरोबर सरकतो. त्यामुळे एकाच मॉडेलची दोन पेडल्स सारखी वाजत नसत.

डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) आले ते या बेभरवशावर उपाय म्हणून, असं मला वाटतं. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या बिग मफमध्ये ट्रान्झिस्टरच्या फीडबॅकमध्ये (आउटपुटकडून इनपुटकडे परत येणाऱ्या वाटेत) उलटसुलट डायोडांची जोडी बसली. एमएक्सआर डिस्टॉर्शन प्लसने ऑपॅम्पनंतर (सिग्नल वाढवणाऱ्या चिपनंतर) जर्मेनियम डायोड थेट ग्राउंडला जोडले. बॉसच्या १९७७ च्या ओडी-१ मध्ये ऑपॅम्पच्या फीडबॅकमध्ये एका दिशेला दोन आणि दुसऱ्या दिशेला एक डायोड होता, म्हणजे क्लिपिंग असमान. दोनेक वर्षांनी निशिन ओनपाच्या सुसुमु तामुरा यांनी आयबानेझसाठी ट्यूब स्क्रीमर केला, त्यात दोन्ही दिशांना एकेकच. घरी बनवलेली बहुतेक ओव्हरड्राइव्ह पेडल्स आजही याच सर्किटची भावंडं असतात.

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचे सगळे बदल याच जागी होतात. सिलिकॉन डायोड ग्राउंडला जोडले की सुमारे ०.६ व्होल्टच्या वरचं जवळपास सगळं कापलं जातं. नॉन-इन्व्हर्टिंग (सिग्नल उलटा न करणाऱ्या) ऑपॅम्पच्या फीडबॅकमध्ये तेच डायोड टाकले की ते उघडल्यावर गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) एकपर्यंत उतरतो, त्याखाली जात नाही. म्हणून कापलेल्या लाटेवर मूळ सिग्नल स्वार झालेला राहतो आणि बोटांचा जोर ऐकू येतो. भाग कुठला लावला यापेक्षा तो कुठे लावला याने आवाज कितीतरी जास्त बदलतो.

ट्रान्झिस्टर परत आला तो याच दोन जागांवर, पण आता डायोड बनून. ट्रान्झिस्टरला कलेक्टर, बेस आणि एमिटर असे तीन पाय असतात. एनपीएन जातीच्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर बेसला जोडला की दोन टोकांचा डायोड तयार होतो. असे दोन उलटसुलट लावायचे, झालं. त्याने आवाज ‘मऊ’ होतो असं सर्रास सांगितलं जातं. आकडे उलटं सांगतात. प्रवाह दहापट करायला अशा ट्रान्झिस्टरला सुमारे ६० मिलिव्होल्ट जास्त लागतात, तर १एन४१४८ डायोडला शंभराहून अधिक. म्हणजे ट्रान्झिस्टरचा गुडघा (आलेखात प्रवाह वाहू लागतो ते वळण) जास्त टोकदार आहे, क्लिपिंग जरा अचानक सुरू होतं. कलेक्टर मोकळा सोडून नुसता बेस-एमिटर वापरला तरी चालतं, फक्त सगळा प्रवाह बेसमधून गेल्याने बेसचा अंतर्गत रोध आड येतो आणि वळण थोडं बोथट होतं. एमिटर-बेस जंक्शन उलट्या दिशेने सहा-सात व्होल्टला कोसळतं, पण जोडीदार आधीच उघडत असल्याने ती वेळ येत नाही.

जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरांना यात चांगला उपयोग मिळाला. गळती फार म्हणून फझ पेडलसाठी टाकून दिलेला नग क्लिपिंगला चालून जातो, कारण इथे बायस बिघडण्याचा प्रश्नच नसतो.

मॉसफेटचा (दुसऱ्या जातीच्या ट्रान्झिस्टरचा) बोलबाला २००० नंतर झाला. फुलटोन ओसीडी या पेडलमध्ये २एन७००० मॉसफेट क्लिपिंगला होते आणि मग ज्याच्या त्याच्या ब्रेडबोर्डवर (सर्किट तात्पुरतं जुळवायच्या फळीवर) ते दिसू लागले. यात एक खोच आहे. गेट आणि ड्रेन हे त्याचे दोन पाय एकमेकांना जोडले की मॉसफेट एका दिशेने थ्रेशोल्ड व्होल्टेजला (उघडायला लागणाऱ्या किमान व्होल्टेजला) उघडतो. डेटाशीटप्रमाणे २एन७००० साठी ते ०.८ ते ३ व्होल्टच्या दरम्यान कुठेही असू शकतं. उलट्या दिशेने मात्र त्याच्या पोटातला बॉडी डायोड ०.६-०.७ व्होल्टलाच वाहू लागतो. म्हणून दोन मॉसफेट साध्या डायोडसारखे उलटसुलट समांतर लावले, तर क्लिपिंग दोन्हीकडे बॉडी डायोडच करतात आणि मॉसफेट नावापुरता उरतो. खरा फरक हवा असेल तर ते पाठीला पाठ लावून सीरिजमध्ये जोडावे लागतात, किंवा प्रत्येकाला एक डायोड सीरिजमध्ये द्यावा लागतो.

मग समांतर जोडूनही काहींना आवाज गोड का लागतो? संशय कपॅसिटन्सवर (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेवर) घ्यावा. ट्यूब स्क्रीमरच्या फीडबॅकमध्ये ५१ पिकोफॅरडचा कपॅसिटर असतो. ड्राइव्हचा नॉब पूर्ण उघडला की त्याच्यामुळे सुमारे ५,६०० हर्ट्‌झच्या वर गेन उतरू लागतो. मॉसफेटमुळे त्यात ३० पिकोफॅरडची भर पडली तरी ही सीमा साधारण ३,६०० हर्ट्‌झवर येते. ‘व्हॉल्व्हसारखा’ म्हणून कौतुक झालेला आवाज पुष्कळदा एवढाच असतो.

तुलनेत आणखी एक गोष्ट फसवते. थ्रेशोल्ड वाढलं की क्लिपिंग कमी होतं आणि पेडल मोठ्याने वाजतं, आणि मोठं ते कानाला चांगलंच वाटतं. व्हॉल्यूम जुळवल्याशिवाय दोन जोड्यांबद्दल मत देऊ नये.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो पॉवर ॲम्पच्या बायसिंगमधून उचललेला प्रकार. एका ट्रान्झिस्टरला दोन रेझिस्टर लावले, एक कलेक्टर-बेसमध्ये आणि एक बेस-एमिटरमध्ये, की त्यांच्या गुणोत्तराप्रमाणे ०.६ व्होल्टच्या पटीत हवं ते व्होल्टेज मिळतं. रेझिस्टरच्या जागी पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) घातला की क्लिपिंगची पातळी वाजवता वाजवता फिरवता येते. प्रत्येक दिशेला असा एक आणि त्याच्या सीरिजमध्ये एक डायोड, एवढं पुरतं. फक्त ९ व्होल्टवर ४५५८ ऑपॅम्पचा आउटपुट दोन्ही बाजूंना साडेतीन व्होल्टच्या आसपासच जातो. पॉट त्याच्या पुढे नेला तर ट्रान्झिस्टर गप्प बसतो आणि ऑपॅम्पच क्लिप होऊ लागतो.