साडेबाराचं जेवण

रात्री साडेबाराच्या सुमारास नाशिकमधल्या आमच्या सिडकोतल्या गल्लीच्या तोंडाशी कंपनीची बस थांबते. अंबडच्या कारखान्यांची सेकंड शिफ्ट सुटलेली असते. चार-पाच जण उतरतात, कुत्री दोनदा भुंकतात आणि ओळख पटली की गप्प बसतात. मग पाच मिनिटांत कुठल्यातरी खिडकीतून भाजी गरम केल्याचा वास येतो. शेजारचे काका पंधरा वर्षं याच वेळेला जेवत आलेत. तीन पोळ्या, भाजी, वर थोडा भात आणि शेवटी टीव्हीसमोर चिवड्याचा डबा. मध्यंतरी डॉक्टरांनी त्यांना बजावलं, ‘पोट सुटलंय, सातच्या आत जेवत जा.’ काका मला सांगत होते, ‘सातला मी मशीनवर असतो हो. जेवू कसा?’

सल्ला अगदीच चुकीचा नाही. पण ज्याला तो पाळताच येत नाही, त्याला निदान एवढं तरी समजायला हवं की यातलं खरं किती आणि सांगोवांगी किती.

रात्री खाल्लेलं सगळं चरबीत जातं, असं आपण सहज म्हणतो. तसं नसतं. पोळीत दुपारी एकला जेवढी ऊर्जा असते, तेवढीच ती रात्री एकलाही असते. झोपलं म्हणून शरीराचं दुकान बंद होत नाही. हृदय, मेंदू, यकृत रात्रभर खर्च करतच असतात. फरक पडतो तो शरीर त्या पोळीचं काय करतं, यात.

मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका आहे. उजेडाच्या इशाऱ्यावर चालणारं हे शरीराचं मुख्य घड्याळ. पेशींच्या आत हे घड्याळ कसं चालतं ते फळमाशीवर शोधून काढल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. पण घड्याळ हे एकच नाही. यकृताला स्वतःचं आहे, स्वादुपिंडाला आहे, चरबीच्या पेशींनाही आहे. आणि यकृताचं घड्याळ उजेडापेक्षा जेवणाकडे जास्त बघतं. मेंदू म्हणतो रात्र झाली आणि यकृतापुढे भरलेलं ताट येतं, तेव्हा एकाच घरातली दोन घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवायला लागतात.

रात्री साखर हाताळण्याची आपली ताकदही कमी झालेली असते. झोपेच्या साधारण दोन तास आधी मेलाटोनिन हे संप्रेरक वाढायला लागतं. ते झोपेची तयारी करतं, पण त्याच वेळी इन्सुलिनचं स्रवणं मंदावतं. जठरही रात्री सावकाश रिकामं होतं. त्यामुळे तोच वरण-भात सकाळच्या मानाने रात्री रक्तातली साखर जास्त चढवतो आणि ती खाली यायला वेळही जास्त लागतो.

मग वजनाचं काय? अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा २००९ मधला उंदरांवरचा प्रयोग खूप गाजला. सगळ्यांना सारखंच तेलकट खाणं, पण काहींना फक्त त्यांच्या जागण्याच्या वेळेत आणि काहींना फक्त झोपेच्या वेळेत. सहा आठवड्यांत पहिल्यांचं वजन २० टक्के वाढलं, दुसऱ्यांचं ४८ टक्के. (उंदीर निशाचर, म्हणजे त्यांची झोपेची वेळ दिवसा. ही बातमी सांगताना बरेच जण हे उलटंपालटं करून सांगतात.) पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे.

माणसांवरचे दोन प्रयोग २०२२ मध्ये एकाच नियतकालिकात आले, आणि मला या विषयातली सगळी गंमत त्या जोडीतच दिसते. बॉस्टनच्या प्रयोगात वजन जास्त असलेली १६ माणसं होती. त्यांना तेच जेवण एकदा लवकर दिलं आणि एकदा सुमारे चार तास उशिरा. उशिराच्या फेरीत भूक वाढली, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन कमी झालं आणि जागेपणीचा ऊर्जेचा खर्च सुमारे ६० कॅलरींनी घटला. ६० कॅलरी म्हणजे अर्धी-पाऊण पोळी. कागदावर मांडलं तर वर्षाला पावणेतीन किलो होतात. पण शरीर किराणा दुकानातल्या वहीसारखं चालत नाही, वजन बदललं की खर्चही बदलतो.

दुसरा प्रयोग स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनचा. तिथे ३० जणांना चार आठवडे दिवसभरातल्या जवळजवळ निम्म्या कॅलरी सकाळी दिल्या आणि पुढे चार आठवडे तेवढ्याच संध्याकाळी. काहींना आधी हे, काहींना आधी ते. एकूण खाणं सारखं आणि मोजून दिलेलं. दोन्ही वेळा वजन सारखंच उतरलं, सव्वातीन किलोच्या आसपास. ऊर्जेच्या खर्चातही फरक सापडला नाही. एक गोष्ट मात्र वेगळी निघाली: सकाळी भरपूर खाल्लं की दिवसभर भूक कमी लागत होती.

मला हे दोन्ही निकाल एकमेकांच्या विरुद्ध वाटत नाहीत. प्रयोगात ताट दुसऱ्याने मोजून दिलेलं असतं, भूक वाढली तरी डब्यात हात घालता येत नाही. सिडकोत डबा काकांच्या मांडीवर असतो. उशिरा जेवण्याचा वजनावर परिणाम होतो तो बहुधा याच वाटेने, जादूने नव्हे. आणि बारानंतर कोणी काकडी चिरत बसत नाही. चिवडा, फरसाण, बिस्किटं, नाहीतर गाडीवरची अंडाबुर्जी आणि लोण्यात परतलेला पाव. तळलेल्या चिवड्याच्या शंभर ग्रॅममध्ये पाचशेच्या आसपास कॅलरी असतात. त्या ६० कॅलरींचा हिशेब दोन मुठींत कुठल्या कुठे वाहून जातो.

शिवाय ‘रात्र’ प्रत्येकाची सारखी नसते. २०१७ मध्ये ११० कॉलेजवयीन मुलामुलींची पाहणी झाली. शरीरातल्या चरबीचा संबंध भिंतीवरच्या घड्याळाशी लागला नाही. मेलाटोनिन वाढायला लागण्याच्या किती जवळ खाल्लं, त्याच्याशी लागला. ही पाहणी होती, त्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही. तरी मुद्दा पटण्यासारखा आहे. काका दोनला झोपतात आणि साडेनवाला उठतात, म्हणजे त्यांची रात्र काहीशी पुढे सरकलेली आहे. पहाटे पाचला रामकुंडावर जाणाऱ्या आजोबांचे रात्रीचे नऊ आणि काकांचे नऊ एकच कसे असतील?

थर्ड शिफ्टवाल्यांचं अवघड. २०२१ मध्ये १९ जणांना प्रयोगशाळेत रात्रपाळी करायला लावली. रात्री जेवणाऱ्यांची सरासरी साखर ६.४ टक्के वाढली. काम रात्रीच, पण जेवण फक्त दिवसा, अशांची वाढली नाही. रात्रभर उपाशी राहून सातपूरच्या कारखान्यात शॉप फ्लोअरवर उभं राहा, असं मी कोणाला सांगणार नाही. पण मुख्य जेवण कामाला निघण्याआधी उरकून रात्री हलकं काहीतरी, एवढं जमू शकतं.

आपल्याकडे सूर्यास्तानंतर न जेवण्याची रीत जुनी आहे. म्हसरूळजवळच्या गजपंथाला जाणारे कितीतरी जैन यात्रेकरू ती आजही पाळतात. पण त्यामागचं कारण अहिंसेचं आहे, अंधारात जीवजंतू पोटात जाऊ नयेत म्हणून. तिला वजनाच्या विज्ञानाचा शिक्का मारायची मला तरी गरज वाटत नाही. खेड्यातली माणसं दिवेलागणीला जेवायची, त्याचं कारण तर आणखी साधं होतं, रॉकेल महाग होतं. आणि रात्रीच्या लाइटवर कांद्याला पाणी भरणारा निफाडचा शेतकरी आजही वेळेवर जेवत नाहीच.

काकूंनी यावर आपला तोडगा काढलाय. आता कंपनीत आठच्या सुट्टीसाठी पूर्ण डबा जातो: पोळ्या, उसळ, कोशिंबीर. साडेबाराला घरी एक वाटी भाजी आणि एक भाकरी, आणि जेवण झाल्यावर निदान तासभर आडवं व्हायचं नाही, कारण काकांना आंबट ढेकरांचा त्रास आहेच. चिवड्याचा डबा वरच्या फळीवर गेलाय, जिथे काकांचा हात पोचतो पण काकूंना आवाज ऐकू येतो. पगाराच्या रात्री बुर्जी चालते. वजन किती उतरलं ते विचारलं, तर कळलं की काट्यातले सेल नातवाने टीव्हीच्या रिमोटला घातलेत.